मूठ सैल करताना : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

गेल्या अंकात आम्ही घरातल्या देण्याघेण्याविषयी प्रश्न मागवले होते. ‘द्यायची इच्छाच नाही’ असं एकाही पत्रात नव्हतं. सगळ्यांचं घोडं अडतं ते काय द्यावं, कधी आणि कुणाला द्यावं इथे, आणि ‘उद्या आपल्यालाच लागलं तर’ या एका विचारापाशी. त्यातल्या निवडक पत्रांना ही उत्तरं.

कपाटात साठेक साड्या आहेत, नेसते त्यातल्या पंधरा. माळ्यावर सासूबाईंची पितळेची भांडी पडून आहेत. टाकवत नाही आणि देववतही नाही. ‘लागेल कधीतरी’ असं वाटत राहतं. — एक वाचक, सांगली

‘लागेल कधीतरी’ हे भांड्यांच्या बाबतीत खरं असू शकतं, कापडाच्या बाबतीत नाही. पितळ वीस वर्षांनीही पितळच राहतं. रेशमी साडी मात्र एकाच घडीत ठेवली की घडीवरच विरते. जरीचे काठ काळे पडतात, डांबरगोळी त्यांना टेकली तर आणखी लवकर. परकराचं आणि मुलांच्या चड्ड्यांचं इलॅस्टिक न वापरताच सैल पडतं. फोमसारख्या तळाचे बूट डब्यात जपून ठेवले तरी हवेतल्या दमटपणाने काही वर्षांत तळाचा भुगा होतो. म्हणजे आपण वस्तू राखून ठेवतो असं म्हणतो तेव्हा बऱ्याचदा ती हळूहळू निकामी होत असते. आणि मग एके दिवशी ती ‘देऊन टाकतो’, तेव्हा घेणाऱ्याच्या ती कामाची राहिलेली नसते.

सगळं कपाट एकदम काढू नका. एका बैठकीत एकच फळी घ्या. तीन ढीग करा : नेसते, नेसत नाही, आणि ठरत नाही. तिसरा ढीग एका पेटीत भरा, वर तारीख लिहा आणि माळ्यावर टाका. सहा महिन्यांत त्यातली जी साडी आठवून काढलीत ती तुमची, बाकीच्या दुसऱ्या ढिगात. आईची, लग्नातली अशा चार-पाच साड्या आधीच बाजूला काढा. त्या सुरक्षित आहेत हे कळलं की उरलेल्यांवरचा हात आपोआप सुटतो.

आता द्यायचं कसं, कारण घोटाळा इथेच जास्त होतो. कपडे धुऊन, उन्हात पूर्ण वाळवून द्या. दमट गाठोड्याला पावसाळ्यात चार दिवसांत बुरशी धरते आणि ती शेजारच्या चांगल्या कपड्यांनाही लागते. सलवारीत, परकरात नाडी घालूनच द्या. नाडी नसलेली सलवार घालता येत नाही, एवढी साधी गोष्ट विसरली जाते. तुटलेलं बटण लावा. साडीबरोबर तिचा ब्लाउज सुतळीने बांधा, चपलांचे जोड एकत्र बांधा, नाहीतर छाटणीत एक पाय इकडे आणि एक तिकडे जातो. वापरलेली अंतर्वस्त्रं देऊ नका. फाटलेलं सुती कापड वेगळं द्या आणि पिशवीवर ‘फक्त कापड’ असं लिहा. अंशु गुप्ता यांनी १९९९ साली सुरू केलेल्या ‘गूंज’सारख्या संस्था अशा सुती कापडाचे धुऊन वापरायचे सॅनिटरी पॅडही बनवतात. जवळपास गोधडी शिवणाऱ्या बाया असतील तर पाच-सहा जुन्या सुती साड्यांत एक चांगली गोधडी होते. साड्या त्यांना द्या, शिलाईही तुम्हीच द्या आणि गोधडी ज्याला हवी त्याला पोचवा.

वेळ पाळा. स्वेटर आणि चादरी दिवाळीच्या आधी, रेनकोट मे महिन्यात, दप्तरं आणि डबे शाळा उघडायच्या पंधरा दिवस आधी. पाठ्यपुस्तकं परीक्षा संपल्याबरोबर द्या, पण त्या इयत्तेचं पुस्तक बदललंय का ते शाळेत विचारून. बऱ्याच शहरांत ‘माणुसकीची भिंत’ आहे : नको असलेलं तिथे ठेवायचं, ज्याला हवं त्याने न्यायचं. चांगली सोय आहे. मात्र पावसाळ्यात तिथे पिशवी ठेवून निघून जाऊ नका. भिजलेले कपडे कचऱ्याच्या गाडीतच जातात.

पितळेच्या पातेल्यांना आधी कल्हई करून घ्या. कल्हई नसलेल्या पितळेत आमटी, ताक, चिंचेचं काहीही कळकतं, आणि घेणाऱ्याला ते माहीत असेलच असं नाही. अन्नछत्रं, वसतिगृहं, गावातली मंडळं यांना मोठी पातेली आणि पराती नेहमीच कमी पडतात.

मुलगा सहा वर्षांचा आहे. वाढदिवसाची खेळणी दुसऱ्या मुलांना द्यायला लावली की रडून गोंधळ घालतो. — एक पालक, नाशिक

आजच आलेलं खेळणं आजच द्यायला लावू नका. त्याचं ते अजून पुरतं झालेलंही नाही. आधी त्याला न द्यायची पाच खेळणी निवडू द्या आणि त्या पाचांना पुन्हा हात लावायचा नाही. उरलेल्यांतून एक किंवा दोन त्याने स्वतः निवडावीत, स्वतः पुसावीत, स्वतःच्या हाताने द्यावीत. तो शाळेत असताना मागच्या मागे देणं हे सगळ्यात वाईट. ते कळलं की तो उरलेलं आणखी घट्ट धरतो. कोडं देताना तुकडे मोजून घ्या. एक तुकडा हरवलेलं कोडं दुसऱ्या मुलाच्या हाती जायला नको.

घरकामाच्या मावशींना मी नेहमी उरलेलं जेवण, जुन्या साड्या देते. परवा त्यांनी साडी नको म्हणून परत केली. मन दुखावलं. — एक वाचक, डोंबिवली

ताई, त्यांनी ‘नको’ म्हटलं ही चांगलीच गोष्ट आहे. तुमच्या घरात त्यांना ‘नको’ म्हणता येतं असा त्याचा अर्थ. बहुतेक घरांत मावशी मुकाट्याने घेतात आणि वाटेत दुसऱ्या कुणाला तरी देतात.

आधी हक्काचं, मग हौसेचं. महिन्याच्या ठरलेल्या सुट्ट्या पगारी, दिवाळीला एक पगार, तुम्ही गावाला गेलात तरी त्या दिवसांचे पैसे, आणि दरवर्षी ठरलेल्या महिन्यात वाढ. हे सगळं चोख असेल तर साडी ही भेट ठरते. नसेल तर तीच साडी पगाराची भरपाई ठरते, आणि ते दोघींनाही मनातून ठाऊक असतं. जेवण द्यायचं तर आज केलेलं, आपण खाण्याआधी बाजूला काढलेलं द्या. फ्रीजमधलं तिसऱ्या दिवसाचं आपल्याला खाववत नाही म्हणून देऊ नका. साडी देताना ‘तुम्हाला हवी का, यातली कुठली आवडते?’ असं विचारा आणि निवड त्यांच्यावर सोडा.

उचल मागितली तर ती किती आणि दरमहा किती कापायची हे दोघींच्या वहीत लिहा. पगाराच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त कापलं की त्यांना त्याच महिन्यात दुसरीकडे उसने काढावे लागतात.

एक काम तुमचा पैसाही न खर्चता होईल. महाराष्ट्रात २००८ च्या कायद्याने घरेलू कामगार कल्याण मंडळ झालं आहे. १८ ते ६० वयाच्या कामगारांना तिथे नोंदणी करता येते. वयाचा आणि राहण्याचा पुरावा, फोटो यांच्या जोडीला ‘या आमच्याकडे काम करतात’ असा मालकाचा दाखला लागतो. बरेच अर्ज त्या दाखल्यापाशीच थांबतात, कारण सही द्यायला लोक उगीच घाबरतात. तो दाखला द्या आणि अर्ज भरायला तासभर शेजारी बसा.

मुंजीत दीडशे पानांचा स्वयंपाक केला, चाळीस पानांचं उरलं. रात्री वाटायला नेलं तर भाताला वास येत होता. चूक कुठे झाली? — एक वाचक, सोलापूर

उरल्यावर विचार सुरू केला, तिथे. शिजलेलं अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर किंवा ५ अंशांच्या खाली सुरक्षित राहतं. मधल्या तापमानात जंतू भराभर वाढतात. दुपारी बाराचा भात मोठ्या पातेल्यात झाकून ठेवला की वरून गार वाटतो, मध्ये मात्र तो तासन्‌तास कोमट राहतो. भातात वाढणाऱ्या एका जंतूचं विष पुन्हा गरम करूनही मरत नाही. म्हणून ‘एक वाफ काढू, मग देऊ’ हा उपाय भाताला लागू पडत नाही. वास आला तर भात गुरांपुढेही ठेवू नका, खतात टाका.

पुढच्या वेळी कार्याच्या दोन दिवस आधीच घेणाऱ्यांशी बोलून ठेवा : वसतिगृह, वृद्धाश्रम, किंवा २०१४ साली दिल्लीत सुरू झालेल्या ‘रॉबिन हूड आर्मी’सारखे स्वयंसेवक. किती पानांपासून पुढे ते येतात, किती वाजेपर्यंत घेतात, भांडी कुणाची, हे विचारा. वसतिगृहात संध्याकाळचा स्वयंपाक चारला सुरू होतो. तुमचा फोन सहाला गेला तर तिथे दोन्हीकडचं अन्न वाया जातं.

शेवटच्या पंगतीची वाट पाहू नका. दुसरी पंगत बसली की आचाऱ्याला अंदाज आलेलाच असतो. तेव्हाच पानापर्यंत न गेलेलं अन्न वेगळं काढायला सांगा. वाढप्यांच्या बादलीतलं त्यात परत ओतू नका. एका उष्ट्या डावाने अख्खं पातेलं बिघडतं. लगेच निघत असेल तर आमटी-भाजी उकळती गरमच, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यांत भरा. भात परातींत दोन बोटं जाडीचा पसरून वाफ जाऊ द्या, मग भरा. खोलीच्या तापमानात दोन तासांच्या वर काहीही ठेवू नका, सोलापूरच्या मे महिन्यात तर एकच तास धरा. पुऱ्या, पोळ्या, सुकी भाजी, बुंदी, जिलबी हे त्या मानाने जास्त टिकतं. मठ्ठा, कोशिंबीर, खोबऱ्याची चटणी, बासुंदी, पनीर हे बर्फावर ठेवलेलं नसेल तर देऊच नका. डब्यावर पदार्थ, शिजवल्याची वेळ, आणि शेंगदाणे वा दूध असल्यास तसं लिहा. उरलेलं अन्न गोळा करून वाटण्याविषयी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे २०१९ चे नियम आहेत. नियमित वाटप करणाऱ्या मंडळांनी ते जरूर वाचावेत.

मेहुणे पन्नास हजार उसने मागताहेत. दिले तर परत येतील का, नाही दिले तर नातं राहील का? — एक वाचक, ठाणे

पन्नास हा त्यांचा आकडा. तुमचा आकडा वेगळा काढा : परत आले नाहीत तरी घरात कुणाची फी, कुणाचं औषध अडणार नाही एवढी रक्कम. ती पंधरा हजार असेल तर पंधरा हजारच द्या आणि ते ‘राहू द्या’ म्हणून द्या. पन्नास देऊन दोन वर्षं प्रत्येक कार्यात त्यांच्या नव्या मोबाइलकडे बघत बसण्यापेक्षा हे दोघांनाही सुसह्य असतं.

उसनेच द्यायचे तर बँकेतून द्या. वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने उसनी घेणं प्राप्तिकर कायद्यात चालत नाही आणि दंड घेणाऱ्याला बसतो. दोघांचंही उत्पन्न फक्त शेतीचं असेल आणि करपात्र उत्पन्न दोघांनाही नसेल तर सूट आहे. रक्कम, तारीख, हप्ते लिहून दोघांनी सह्या करा आणि ही गोष्ट बहिणीलाही माहीत असू द्या.

निवृत्तिवेतनात जेमतेम भागतं. मोठी देणगी झेपत नाही. रोज थोडंथोडं देण्याची काही रीत आहे का? — एक ज्येष्ठ वाचक, कराड

तुमच्याच भागातली रीत आहे. १९१९ साली कराडजवळच्या काले गावी कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. वसतिगृहातल्या मुलांसाठी संस्थेने मुष्टिफंड चालवला : घरोघरी दळणाआधी मूठभर धान्य वेगळं काढायचं. त्या काळी गरीब विद्यार्थी वार लावूनही जेवत. एका घरी सोमवार, दुसऱ्या घरी मंगळवार. दोन्ही रीतींत रक्कम लहान, पण दिवस ठरलेला. घेणाऱ्याला त्या ठरलेपणाचाच आधार असतो.

आजही एखाद्या वसतिगृहासाठी हे करता येतं : घरोघरी एक डबा, त्यात रोज एक मूठ. मोठ्या माणसाची मूठ साधारण ५० ग्रॅमची, म्हणजे महिन्याला दीड किलो. चाळीस घरांच्या सोसायटीत ६० किलो जमतं. मुलामागे रोज तीनशे ग्रॅम धरले तर सहा मुलांचं महिनाभराचं धान्य सहज निघतं.

बिघडतं ते असं. कुणी इंद्रायणी टाकतं, कुणी कोलम, कुणी बासमतीची कणी; एकत्र शिजवल्यावर अर्धा भात गिचका होतो आणि अर्धा कच्चा राहतो. म्हणून महिन्याला एकच धान्य ठरवा. तांदूळ असेल तर जातही एकच, आणि जुनाच. नवा तांदूळ लवकर चिकट होतो. गहू द्यायचे तर वसतिगृहाजवळ गिरणी आहे का ते आधी विचारा. बोरिक पावडर लावलेलं धान्य डब्यात घालू नका, शंभर मुलांच्या स्वयंपाकात ते नीट धुतलं जाईलच असं नाही. डबा कोरडा करून कडुनिंबाची सुकलेली पानं घाला. सोंडे झाले तर त्या घराचं धान्य वेगळं निवडून उन्हात घाला, मोठ्या पोत्यात मिसळू नका.

गोळा करण्याचं काम एकाकडेच ठेवलं की तो माणूस गावाला गेला त्या महिन्यात साखळी तुटते. दोघं ठेवा. महिन्याचा शेवटचा रविवार, सकाळी नऊ, तराजू आणि वही. वहीत कुणी किती दिलं ते लिहू नका, एकूण किती किलो आणि कुठे पोचलं एवढंच लिहा. ज्या घरी त्या महिन्यात ओढाताण असेल त्यांचा डबा रिकामा आला तरी तो तसाच परत द्या आणि पुढच्या महिन्यात पुन्हा मागायला जा.