पुरवठादाराच्या नावाने ‘आमचे बँक खाते बदलले आहे’ असा ईमेल आल्यास लहान उद्योगाने काय करावे?

अशा ईमेलमध्ये बहुधा व्हायरस किंवा लिंक नसते, त्यामुळे अँटिव्हायरस तो अडवत नाही. कधी कधी पाठवणाऱ्याच्या पत्त्यातील इंग्रजी ‘एम’च्या (m) जागी ‘आर’ आणि ‘एन’ ही अक्षरे (rn) शेजारी ठेवलेली असतात आणि घाईत ती नजरेतून सुटतात. एसपीएफ, डीकेआयएम व डीमार्क (ईमेल खरोखर त्याच डोमेनवरून आला आहे का, हे तपासण्याच्या पद्धती) यांच्या नोंदी नीट केल्यास आपल्या डोमेनचे, म्हणजे पत्त्यातील @ नंतरच्या नावाचे, सोंग घेणे अवघड होते, मात्र मिळत्याजुळत्या डोमेनवरून किंवा पुरवठादाराच्याच हॅक झालेल्या मेलबॉक्समधून आलेला ईमेल या तपासण्या सहज पार करतो. म्हणून खातेबदलाची खातरजमा जुन्या बिलावरील फोन नंबरवर बोलूनच करावी (हा उपाय फुकट आहे, कदाचित म्हणूनच दुर्लक्षित राहतो). आपल्या मेलबॉक्सला दुहेरी पडताळणी (पासवर्डसोबत ओटीपीसारखा दुसरा पुरावा) लावावी. पैसे गेलेच असतील, तर बँकेला कळवून १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर तत्काळ तक्रार नोंदवावी.