कोल्ह्याची लाळ, मोत्याची मान आणि जर्मनचं ताट

प्रश्न : डॉक्टर मॅडम, आम्ही जुन्नर तालुक्यात मळ्यात राहतो. मागच्या आठवड्यात रात्री अकराच्या सुमारास खुराड्यापाशी कोल्हा आला, आमचा मोत्या त्याच्यावर धावून गेला आणि दोघांची जाम झटापट झाली, शेवटी मिस्टर बॅटरी घेऊन ओरडत गेले तेव्हा कोल्हा उसात पळाला. मोत्याचा कान फाटला होता आणि मान सगळी चिकट ओली झाली होती, म्हणून मी लगेच बादलीभर पाणी घेऊन त्याला हातानेच धुतलं. कोल्हा मला चावला नाही की ओरबाडलं नाही, मी तर त्याला नीट बघितलंही नाही. पण कोल्ह्याने मोत्याच्या जर्मनच्या ताटात तोंड घातलं होतं, ते ताट मी सकाळी घासलं, आणि पाण्याच्या टाकीवर झाकण नव्हतं, धाकटा त्यातलंच पाणी प्यायला. सासूबाई म्हणतात ताट फेकून दे. जाऊबाई म्हणतात घरातल्या सगळ्यांनी इंजेक्शनं घ्या. मिस्टर म्हणतात चावलाच नाही तर कसला रेबीज. नक्की कुणाचं ऐकू? (माझ्या बोटांना कायमच्या चिरा असतात, भांड्याच्या साबणाने होतं, त्यावर पण काही क्रीम सांगा.)

उत्तर : ताई, अख्ख्या पत्रात कामाची ओळ तुम्ही कंसात घातलीत! पत्र मिळालं त्याच दिवशी आम्ही तुम्हाला फोन केला आणि तुम्ही दुसऱ्या दिवशी जाऊन इंजेक्शन घेतलंत, त्यामुळे आता निवांतपणे लिहिते, कारण असे प्रश्न खूप जणांना पडतात.

ताटाचं आधी मिटवू. रेबीजचा विषाणू प्राण्याच्या लाळेत असतो, पण अंगाबाहेर तो फार लेचापेचा असतो, लाळ वाळली, ऊन लागलं, साबण लागला की संपला. रात्री चाटलेलं ताट सकाळपर्यंत वाळलेलं, वर तुम्ही ते साबणाने घासलंत. ताट वापरा. टाकीचंही तेच, एवढ्या पाण्यात लाळेचा थेंब गेला तरी ते पाणी पिऊन रेबीज होत नाही, फक्त टाकीला झाकण घाला, ते रेबीजसाठी नाही, डेंग्यूच्या डासांसाठी. धाकट्याला आणि घरातल्या बाकीच्यांना इंजेक्शनची गरज नाही.

आता मोत्याची मान. ती कशाने चिकट होती? कोल्ह्याच्या लाळेने. ताजी, ओली लाळ, झटापट होऊन पाच-दहा मिनिटंच झालेली, आणि ती लागली कुठे तर चिरा पडलेल्या बोटांना. चावणं म्हणजे तरी काय, लाळ कातडीच्या आत जाणं. कातडी धडधाकट असेल तर लाळ लागून काही होत नाही, हात धुवायचा आणि कामाला लागायचं, पण चिरा, खरचटलेलं, नुकतं सोललेलं नख, डोळा, ओठाच्या आतला भाग यातून विषाणूला वाट मिळते. जागतिक आरोग्य संघटनेची जी तीन वर्गांची विभागणी सगळीकडे वापरतात तिच्यात अखंड कातडीला लाळ लागणं पहिल्या वर्गात येतं, म्हणजे काही करायची गरज नाही, आणि तुटलेल्या कातडीला लाळ लागणं थेट तिसऱ्या वर्गात, कडकडून चावल्याच्या रांगेत. म्हणून तुम्हाला लस आणि सोबत सिरम (विषाणूला लगेच अडवणारी तयार प्रतिपिंडं) दोन्ही सांगितलं. मिस्टरांना हे वाचून दाखवा.

बरं, तो कोल्हा पिसाळलेला होता कशावरून? नसेलही. रात्री कोंबड्यांसाठी येणारा कोल्हा हा आपला नेहमीचाच कोल्हा. भरदुपारी अंगणात येऊन माणसाला न घाबरता उभा राहणारा कोल्हा जास्त संशयाचा. पण पाळीव कुत्रं-मांजर चावलं तर त्याला दहा दिवस बघता येतं, उसात गेलेल्या कोल्ह्याला कुठे बघणार? जंगली जनावर असेल तर पिसाळलेलंच आहे असं धरून चालायचं, आणि तेही इंजेक्शन चालू करून, वाट बघत बसून नाही. कोल्ह्यांमधला रेबीज काही ऐकीव गोष्ट नाही, 2024 मध्ये मुंबईत चेंबूरच्या बाजूच्या कोल्ह्यांमध्येही तो सापडला होता. मुंगसाचंही तसंच. उंदीर, घूस, खार मात्र या यादीत सहसा येत नाहीत.

आठ दिवस झाले, आता काय उपयोग, असं तुम्ही फोनवर विचारलंत. उपयोग आहे. लक्षणं दिसायला साधारण एक ते तीन महिने लागतात, कधी कमी कधी बरेच जास्त, आणि लक्षणं दिसली की मग जवळपास कुणीच वाचत नाही, त्यामुळे त्याच्या आधी कधीही गेलात तरी उशीर झाला म्हणून परत फिरायचं नाही. सरकारी दवाखान्यात कातडीत टोचतात, दोन्ही दंडांवर, चार वेळा जायचं : 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी, 0 म्हणजे पहिलं टोचलं तो दिवस. खाजगीत दंडाच्या स्नायूत पाच वेळा देतात. सिरम जखमेतच भरतात, बोटात मावेल तेवढंच, दुखतं, खोटं कशाला सांगू, आणि ते पहिल्या लसीपासून सातव्या दिवसापर्यंतच देतात. पोटात चौदा इंजेक्शनं हा प्रकार आपल्याकडे 2004 च्या अखेरीस बंद झाला, पण गावोगावी माणसं अजून त्याच भीतीने दवाखाना टाळतात.

आणि मोत्या! त्याच्याबद्दल कुणीच काही विचारलं नाही. ताटाची चिंता तिघांना, आणि ज्याचा कान कोल्ह्याने फाडला तो अंगणात मोकळा. त्याला दोन वर्षांपूर्वी एकदाच टोचलंय म्हणालात, ते पुरेसं नाही. पशुवैद्याकडे न्या, ते सांगतील तेवढे डोस पूर्ण करा, त्याला बांधून ठेवा आणि पोरांना त्याच्या अंगाशी खेळू देऊ नका. भुंकण्याचा आवाज बदलला, अंधारात जाऊन बसायला लागला, जबडा लोंबायला लागला, पाणी गिळता येईना, तर जवळ जाऊ नका, पशुवैद्याला बोलवा. तुमच्या घराला खरा धोका झालाच तर पुढच्या काही महिन्यांत मोत्याकडूनच आहे.

उसात मेलेला कोल्हा सापडला तर हात लावू नका, वन खात्याला 1926 वर कळवा. आणि दिसलाच जिवंत तर डोक्यात काठी घालायला धावू नका, एकतर तो तुम्हालाच चावेल, दुसरं म्हणजे रेबीजची खात्रीची तपासणी मेंदूवर होते, डोकं फुटलं की तपासायला काही उरत नाही.

चिरांसाठी रात्री व्हॅसलीन चोळा आणि भांडी घासताना रबरी हातमोजे घाला. तेच हातमोजे कुत्रं धुतानाही चालतात.

प्रश्न : आमची म्हैस मेली, आधी दोन दिवस लाळ गाळत होती, डॉक्टर म्हणाले पिसाळली असावी, महिन्यापूर्वी तिला शेतात काहीतरी चावलं होतं. तिच्या दुधाचा चहा अख्ख्या गल्लीने घेतला. आता सगळे जण आमच्यावर चिडलेत.

उत्तर : दादा, उकळलेल्या दुधाच्या चहातून रेबीज होत नाही, गल्लीला सांगा. धारोष्ण कच्चं दूध कुणी प्यायलं असेल तर त्याने डॉक्टरांना सांगून ठेवावं, तिथेही धोका जवळपास नाहीच. मला तुम्ही वेगळंच सांगा : म्हैस लाळ गाळत होती, वैरण गिळत नव्हती, तेव्हा घशात काही अडकलंय का बघायला तिच्या तोंडात हात कुणी घातला? कुणीतरी घालतोच, दर वेळी. दाताने खरचटतं, ते कुणाच्या लक्षातही राहत नाही. त्या माणसाने आजच्या आज जाऊन इंजेक्शन चालू करायचं, आणि हात अजून धुतला नसेल तर साबण लावून नळाखाली पंधरा मिनिटं धरायचा. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही.

प्रश्न : ठाण्यात राहतो. वटवाघळाने अर्धवट खाल्लेला पेरू बायकोने गॅलरीतून उचलला. रेबीज होईल का?

उत्तर : पेरूने नाही. पेरू टाकून द्या, हात धुवा, उष्टं फळ खाऊ नका, वटवाघळांकडून बाकीचेही आजार येतात. मात्र वटवाघूळच उघड्या हाताने उचललं किंवा ते रात्रभर झोपायच्या खोलीत होतं असं झालं, तर चावल्याची खूण दिसो न दिसो, डॉक्टरांना दाखवा, कारण त्याचे दात सुईएवढे असतात आणि खूण दिसतेच असं नाही.