रब्बी, रब्बान आणि वेशीवर अडलेला शब्द

विचारणा अशी आहे: ज्यूंचा 'रब्बी' आणि आपला रब्बी हंगाम यांचं काही नातं आहे का? आणि पहिल्या शतकातले ज्यू धर्मपंडित योहानान बेन झक्काई यांच्या नावामागे 'रब्बी' न लावता 'रब्बान' का लावतात?

नातं नाही. हंगामाचा रब्बी अरबी 'रबीअ'वरून आला, अर्थ वसंत ऋतू. शेवटचा घशातला उच्चार आपल्याकडे गळाला आणि 'ब'चं द्वित्त झालं. हिंदीत तो 'रबी'च राहिला. धर्मगुरूचा रब्बी हिब्रू. 'रव' म्हणजे थोर, गुरू. त्याला 'माझा' दाखवणारा 'ई' लागला की 'माझे गुरू'. 'या रब' मधला अरबी रब हा याचा खरा भाऊबंद. कोकणातल्या बेने इस्राएलींकडे, म्हणजे आपल्या मराठी ज्यूंकडे मात्र पूर्वी रब्बी नसत. प्रार्थना चालवणारा हज्जान आणि विधी, तंटे पाहणारा काजी.

'रब्बान' अरमाई, म्हणजे हिब्रूच्या जवळच्या भाषेच्या वळणाचा: 'आमचे गुरू'. एकाचे नव्हेत, सगळ्यांचे. हा मान अगदी मोजक्यांना मिळाला आणि ते बहुतेक हिल्लेल या थोर धर्मपंडिताच्या घराण्यातले. योहानान त्या घराण्याचे नव्हते, तरी मिळाला. खुद्द हिल्लेलच्या नावामागे काहीच नाही! रब्बीहून रब्बान मोठा आणि रब्बानहून नुसतं नाव मोठं, असं जुनं वचनच आहे.

तालमूद या ज्यूंच्या धर्मग्रंथातली एक गोष्ट मला या शब्दासाठी फार आवडते. इ.स. 70 मध्ये यरुशलेम रोमनांच्या हाती पडलं, त्याआधीच्या वेढ्यातली. रोमविरुद्ध लढणारे ज्यू बंडखोर कुणाला शहराबाहेर सोडत नव्हते. त्यांचा म्होरक्या अब्बा सिक्रा हा योहानानांचाच भाचा. त्यानंच मेल्याचं सोंग घ्यायला सुचवलं. वास यावा म्हणून जवळ कुजकं काहीतरी ठेवलं आणि एलियेझर व यहोशुआ या शिष्यांनी गुरूंना उचललं. वेशीवरचे पहारेकरी खात्रीसाठी भोसकायला निघाले. भाचा म्हणाला, लोक म्हणतील, 'रब्बान दाकरू', आपल्या गुरूलाच भोसकलं! इथे 'रब्बान'चा अर्थ 'त्यांचे गुरू', पण अक्षरं तीच. पहारेकऱ्यांनी हात आवरला. बाहेर पडलेल्या योहानानांनी रोमन सेनापती वेस्पासियनकडे मागितलं ते यावने गाव आणि तिथले विद्वान. यरुशलेमचं मंदिर जळाल्यावर पठणपाठण तिथेच चालू राहिलं.

तेव्हा 'रब्बान योहानान बेन झक्काई' असंच लिहावं. 'बेन' म्हणजे 'चा मुलगा'. झक्काई हे वडिलांचं नाव आहे, म्हणून त्यांना आडनावासारखं नुसतं 'झक्काई' म्हणू नये.