वनगुज्जर जंगल संपवतात का?

प्रश्न: उत्तराखंडात ऐकलं की वनगुज्जरांच्या, म्हणजे जंगलात राहून म्हशी पाळणाऱ्या भटक्या समाजाच्या, म्हशींमुळे जंगलं उजाड होतायत. खरंय का हे?

उत्तर: अर्धवट खरंय. म्हशींना पाला घालायला वनगुज्जर झाडं छाटतात, पण जाणकार माणूस शेंड्याच्या फांद्या मुद्दाम ठेवतो म्हणजे झाड परत पालवतं. आणि हिवाळा शिवालिकच्या, म्हणजे हिमालयाच्या पायथ्याच्या डोंगरांतल्या, जंगलात, उन्हाळा लागला की म्हशी घेऊन वर बुग्याळांत, म्हणजे उंचावरच्या कुरणांत, त्यामुळे पावसाळाभर खालच्या जंगलाला आराम मिळतो, हे वनखात्याच्या कुठल्याही मॅनेजमेंट प्लॅनच्या आधीपासून चालू आहे बरं का. वर जायच्या वाटा अडवल्या की कळप एकाच जागी अडकतात आणि तिथे झाडांवर ताण येतो, दोष मात्र म्हशींना! २००६ च्या वनहक्क कायद्यात भटक्या पशुपालकांचा हंगामी चराईचा हक्कसुद्धा मान्य केलेला आहे.