पीएलआयसारख्या (उत्पादनाशी जोडलेलं सरकारी प्रोत्साहन) योजनांमुळे भारतातले लहान कारखाने डिजिटल होतील का?

नाही होणार. निदान आत्ता पैसा ज्या वाटेने जातोय, त्या वाटेने तरी नाही. २०२० पासून १४ क्षेत्रांसाठी पीएलआय आली, तरतूद १.९७ लाख कोटींची. पण ती मिळते वाढीव विक्रीवर, म्हणजे तयार माल ज्याच्या नावाने विकला जातो त्याला. त्याला पार्ट पुरवणारा जॉबवर्कवाला बहुतेक ठिकाणी त्या हिशेबात नसतोच.

माझं भोसरी एमआयडीसीत व्हीएमसीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनचं, छोटं शॉप आहे. एका मोठ्या कंपनीला आम्ही ॲल्युमिनियमची हाउसिंग (बाहेरची कवचं) द्यायचो. त्यांचं फर्मान आलं: सगळ्या व्हेंडरांनी मशीनला सेन्सर बसवून डेटा आमच्या पोर्टलवर लाइव्ह द्यायचा. बसवले, स्वतःच्या खर्चाने. फायदाही झाला, रात्रपाळीत कुठलं मशीन सेटिंगसाठी किती उभं राहतं ते नीट कळलं. पण पुढच्या रेटच्या मीटिंगला परचेसवाल्याने माझ्याच मशीनचा आलेख माझ्यापुढे सरकवला. "स्पिंडल एवढाच वेळ फिरतो, मग रेट एवढा कसा?" स्पिंडल, म्हणजे कटिंग टूल फिरवणारा दांडा, थांबतो तेव्हा माझा ऑपरेटर जॉब उतरवतो, हवा मारून फिक्स्चर (जॉब पकडणारा साचा) साफ करतो, बोअरचं (भोकाचं) माप तपासतो, कडेची बर (धातूची कुसळं) काढतो, घासलेला इन्सर्ट (कापणारं टोक) बदलतो. ते आलेखात कुठून येणार? रेट कापला. पेमेंट मात्र, लहान उद्योगांचे पैसे ४५ दिवसांत द्यायचा कायदा असून, ९० दिवसांच्या पुढेच.

माझा मेव्हणा अशाच एका मोठ्या कंपनीत आहे. दर दिवाळीला ऐकवतो, "दाजी, तुम्हा वर्कशॉपवाल्यांची मानसिकताच नाही डिजिटलची." मानसिकतेचा संबंधच काय? मशीन माझं, खर्च माझा आणि बचत त्यांच्या खात्यात! सरकारने आधी एवढं कायद्यात लिहावं की व्हेंडरच्या मशीनचा डेटा व्हेंडरचा, तो हवा तर पैसे मोजा, आणि रेट पाडायला वापरायचा नाही.

मोबाइलच्या जुळणीत पीएलआयने काम केलं, निर्यात वाढली, हे मान्य. केंद्र सरकारच्या समर्थ उद्योग योजनेतलं, डिजिटल कारखान्याचं तंत्र दाखवणारं पुण्याचं सीफोरआयफोर केंद्रही जाऊन बघण्यासारखं आहे. आणि प्राप्तिकरातल्या तरतुदीमुळे (१९६१ च्या कायद्यात कलम ४३बी(एच)) सूक्ष्म-लघु उद्योगांचे पैसे मुदतीत न देणाऱ्याला तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिल्याशिवाय करपात्र उत्पन्नातून वजा करता येत नाही, त्याचा थोडा धाक आहे.

तुमचं वर्कशॉप असेल तर सेन्सर जरूर बसवा, पण डेटा आपल्याच कॉम्प्युटरवर ठेवा आणि बाहेर काय द्यायचं ते पीओवर (खरेदी ऑर्डरवर) लिहून घ्या. कोणी मानसिकता काढलीच, तर त्याच्या कंपनीत व्हेंडरची किती बिलं ४५ दिवसांच्या पुढे अडकलीत, ते आधी विचारा.