काकांची १९ पानं

विलेपार्ले, मुंबई

प्रिय पोरी,

परवा अंधेरीला गाडीत चढल्यावर तू मोबाइलवर तुझ्या टीमची नवी विकी दाखवलीस. विकी म्हणजे सगळ्यांनी मिळून लिहायची टीमची वही; तुझी कॉन्फ्लुअन्स या सॉफ्टवेअरची, डॉकरमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम ‘कंटेनर’ नावाच्या बंद डब्यात चालवणाऱ्या साधनात, एका दुपारात उभी केलेली. मला फार बरं वाटलं. मग दादर आलं, गर्दीने तुला दाराकडे ढकललं आणि उतरता उतरता तू विचारलंस, "ताई, कंटेनर चालू आहे, आता अजून काय करायचं?" त्याचं उत्तर दारात उभं राहून देता येण्यासारखं नव्हतं. म्हणून आज रविवारी निवांत लिहायला बसले.

आधी मीच तुला एक विचारते. तुझ्या टीमने आजवर जे लिहिलं ते या घडीला नेमकं कुठे आहे? "सर्व्हरवर" हे उत्तर मला चालणार नाही. कोणत्या मशीनच्या कोणत्या डिस्कवर, कोणत्या फोल्डरमध्ये? रात्री झोपेतून उठवून विचारलं तरी हे सांगता आलं पाहिजे.

इतका आग्रह का, ते सांगते. आठ-नऊ वर्षांपूर्वी मी ज्या कंपनीत होते, तिथे बिलिंगचं जुनं सॉफ्टवेअर एक काका सांभाळायचे. रोज अंबरनाथहून यायचे. महिनाअखेरीला कोणता जॉब आधी चालवायचा, ३१ मार्चच्या रात्री काय थांबवून ठेवायचं, कोणत्या गिऱ्हाइकाचं बिल हाताने तपासल्याशिवाय पाठवायचं नाही, हे सगळं त्यांच्या डोक्यात आणि लाल कापडी बांधणीच्या एका वहीत. निवृत्तीला महिना उरला तेव्हा मी एक लहानशी विकी कंटेनरमध्ये चढवली आणि त्यांना म्हटलं, "काका, यात लिहा." त्यांनी लिहिलं. दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत, मराठीत, तीन आठवड्यांत १९ पानं. प्रत्येक पानाच्या तळाशी एक ओळ असायची: हे मला कोणी शिकवलं, त्याचं नाव. काही नावं तर अशा माणसांची, जी मी कंपनीत यायच्या कितीतरी आधी गेली होती.

काका निवृत्त झाले आणि चौथ्या दिवशी विकी संथ वाटू लागली. मेमरी वाढवायची होती. तो आकडा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये, म्हणजे कंटेनर बनवताना दिलेल्या सेटिंगमध्ये असतो, आणि चालू कंटेनरचं व्हेरिएबल बदलता येत नाही, तो काढून नवा बनवावा लागतो. मी डॉकर स्टॉपने कंटेनर थांबवला, डॉकर आरएमने काढून टाकला, नव्या आकड्यासह डॉकर रनने नवा बनवला. पान उघडलं तर समोर सेटअपचा पहिला स्क्रीन. व्हॉल्यूम, म्हणजे कंटेनरच्या बाहेर डेटा जपणारी जागा, जोडलेलाच नव्हता. सगळं लिखाण कंटेनरच्या स्वतःच्या वरच्या थरात साठत होतं, आणि आरएमबरोबर तो थरही गेला. बॅकअप नव्हता.

पुढच्या रविवारी लॅपटॉप घेऊन मी अंबरनाथला त्यांच्या घरी गेले. काका एक शब्द बोलले नाहीत. वही काढली आणि सांगायला लागले, मी टाइप करत गेले. संध्याकाळपर्यंत १४ पानं झाली. उरलेली पाच वहीत नव्हती. ती त्यांनी त्या तीन आठवड्यांत आठवून आठवून लिहिली होती, आणि आता पुन्हा तशी आठवेनात. ती पाच पानं आजही कुठे नाहीत.

म्हणून आता तुझ्या कॉन्फ्लुअन्सकडे बघ. तिचा ऐवज दोन ठिकाणी असतो. पानांचा मजकूर, कॉमेंट्स, परवानग्या डेटाबेसमध्ये. जोडलेल्या फाइली आणि चित्रं, शोधाची अनुक्रमणिका आणि मुख्य कॉन्फिगरेशनची फाइल होम डिरेक्टरीमध्ये, म्हणजे तिच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये. दोन्हींना नाव दिलेला व्हॉल्यूम नाहीतर होस्टवरचा, म्हणजे मूळ मशीनवरचा, ठरलेला फोल्डर हवा. होस्टचा फोल्डर जोडलास तर त्याची मालकी बघ; अधिकृत इमेजमध्ये (ज्या तयार साच्यातून कंटेनर बनतो त्यात) कॉन्फ्लुअन्स २००२ या युजर आयडीने चालते, त्या आयडीला लिहिता आलं नाही तर ती सुरूच होत नाही. आणि सेटअपमध्ये आयता मिळणारा एच-टू डेटाबेस फक्त चाखून बघण्यापुरता आहे. घाईत तोच निवडला असशील तर आत्ताच पोस्टग्रेस या खऱ्या वापराच्या डेटाबेसवर जा. आज पानं पन्नास आहेत तोवर ते एका संध्याकाळचं काम आहे.

डॉकर इन्स्पेक्ट चालवून ‘माउंट्स’ हा भाग, म्हणजे कंटेनरला बाहेरून काय काय जोडलंय त्याची यादी, स्वतःच्या डोळ्यांनी वाच. कंपोजची फाइल (कंटेनर कसे उभे करायचे ते लिहिलेली) काय म्हणते यावर विसंबू नकोस, चालू कंटेनर काय म्हणतो ते बघ. आणि सगळे कंटेनर उतरवणाऱ्या कंपोज डाउनच्या पुढे ‘-व्ही’ लावायची सवय कोणाकडून उचलू नकोस. त्या एका अक्षराने व्हॉल्यूमसुद्धा जातात.

मेमरीचं थोडक्यात. इमेजमध्ये जाव्हाची हीप, म्हणजे कॉन्फ्लुअन्स ज्या जाव्हावर चालते तिची कामाची मेमरी, मुळात १ जीबी असते. ती २ केलीस म्हणून कंटेनरलाही २ जीबीचीच मर्यादा घालू नकोस. हीपच्या बाहेर जाव्हाला थ्रेडसाठी, क्लाससाठी आणखी जागा लागते, आणि दोघांनी एकाच वेळी पान संपादित करता यावं म्हणून जी सिंक्रोनी चालते, तिची प्रोसेस वेगळी. मी दुप्पट देते. कंटेनर १३७ हा आकडा टाकून मेला तर त्याला बाहेरून मारलंय, बहुतेक वेळा मेमरीपायीच. लॉगलाही, म्हणजे कंटेनरच्या नोंदींच्या फाइलीलाही, कमाल आकाराची मर्यादा घाल. डॉकर ती आपणहून घालत नाही आणि एक दिवस डिस्क भरून विकी बंद पडते.

थांबवण्याची घाई मात्र करू नकोस. डॉकर स्टॉप आधी सभ्यपणे सांगतं आणि १० सेकंदांत आवरलं नाही तर सरळ मारून टाकतं. एवढ्या मोठ्या जाव्हा प्रोग्रॅमला १० सेकंद पुरतीलच असं नाही. कंपोजमध्ये स्टॉप ग्रेस पिरियड दोन मिनिटांचा ठेव.

आवृत्तीबद्दल माझं मत ठाम आहे. ‘लेटेस्ट’ हा टॅग, म्हणजे ‘जी सगळ्यात नवी असेल ती आवृत्ती’, विकीला नको आणि डेटाबेसला तर नकोच. पोस्टग्रेसच्या एका मोठ्या आवृत्तीने मांडलेला डेटा पुढची मोठी आवृत्ती तसाच उघडत नाही. डम्प, म्हणजे सगळा डेटा एका फाइलमध्ये, काढून नव्यात भरावा लागतो, नाहीतर अपग्रेडचं वेगळं साधन वापरावं लागतं. पोस्टग्रेस १८च्या अधिकृत इमेजने तर डेटा ठेवायची जागाच बदलली आहे, जुना माउंट तसाच ठेवला तर अडशील. नेमकी आवृत्ती लिही, आणि ती कधी आणि का बदलली हे विकीतच एका पानावर नोंदव.

पण आवृत्ती बांधून ठेवायची म्हणजे विसरून जायची नाही. जून २०२२ मध्ये कॉन्फ्लुअन्समध्ये अशी फट सापडली की लॉगिन न करता बाहेरचा माणूस सर्व्हरवर स्वतःचा कोड चालवू शकत होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये दुसरी फट आली, सुरक्षा-त्रुटींच्या यादीत तिचा क्रमांक सीव्हीई-२०२३-२२५१५: बाहेरून कुणीही स्वतःसाठी अॅडमिनचं खातं उघडू शकत होता. दोन्ही वेळा दुरुस्ती मिळाली, पण ती लावणाऱ्यालाच. त्यात कॉन्फ्लुअन्सच्या जुन्या ‘सर्व्हर’ प्रकाराचा सपोर्ट १५ फेब्रुवारी २०२४ला संपला. ऑफिसात कुठे जुनं सर्व्हर लायसन्स पडलंय म्हणून त्यावर नवी विकी उभी करू नकोस.

आणि इथेच डॉकर एक खड्डा करून ठेवतो. तू पोर्ट ८०९०, म्हणजे कॉन्फ्लुअन्सचं दार, नुसतं ‘पब्लिश’ केलंस तर ते मशीनच्या सगळ्या पत्त्यांवर उघडतं. उबुंटूच्या यूएफडब्ल्यू या फायरवॉलमध्ये ते बंद केलंयस असं तुला वाटत राहतं, पण डॉकर त्या फायरवॉलच्या खालच्या आयपी-टेबल्समध्ये स्वतःचे नियम लिहितो आणि तुझा नियम बाजूलाच राहतो. म्हणून पोर्टच्या आधी १२७.०.०.१ लिही, म्हणजे ते फक्त त्याच मशीनपुरतं उघडेल, आणि पुढे बाहेरच्या विनंत्या आत पोचवणारा एनजिनएक्स बसव. त्याची फाइल चढवायची मर्यादा मुळात १ एमबी आहे, ती वाढव. सिंक्रोनीला लागणारी वेबसॉकेटची (सतत उघडी राहणारी) जोडणी त्यातून आत जाऊ दे. बाहेरचं नाव, ४४३ पोर्ट आणि एचटीटीपीएस हे कॉन्फ्लुअन्सलाही व्हेरिएबलमधून सांग. घरून काम करणाऱ्यांना व्हीपीएनने येऊ दे. कुरकुर होईल, होऊ दे.

१२ ऑक्टोबर २०२०ची सकाळ तुला आठवत असेल, मुंबईची वीज गेली आणि लोकल जिथल्या तिथे थांबल्या. आमचा सर्व्हर तेव्हा ऑफिसातच होता, यूपीएस संपेपर्यंत टिकला. वीज आल्यावर मशीन उठलं, कंटेनरही उठले, पण विकी डेटाबेसच्या आधी उठली आणि एरर दाखवत बसली. कंपोजमध्ये ‘डिपेंड्स ऑन’, म्हणजे आधी डेटाबेस मग विकी, असं लिहिलेलं होतं की! ते तू स्वतः कंपोज अप करतेस तेव्हा पाळलं जातं. मशीन रीबूट झाल्यावर डॉकर कंटेनर उठवतो, तेव्हा तो क्रम विचारात घेत नाही. तेव्हापासून मी बूट झाल्यावर कंपोज अप चालवणारी सिस्टम-डी (लिनक्स सुरू होताना कामं चालवणारी यंत्रणा) सर्व्हिस ठेवते, आणि डेटाबेस तयार आहे का ते तपासणारा हेल्थ-चेक.

आता बॅकअप. कॉन्फ्लुअन्स स्वतः रोज एक एक्सएमएल बॅकअप काढते आणि तो ठेवते त्याच होम डिरेक्टरीत. डिस्क गेली की दोन्ही गेलं. तू रात्री पीजी-डम्पने पोस्टग्रेसचा डम्प काढ, लागलीच होम डिरेक्टरीची प्रत घे, आणि दोन्ही दुसऱ्या शहरात पाठव. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. तळमजल्यावरचा सर्व्हर आणि त्याच्याच शेजारच्या कपाटातली बॅकअपची डिस्क, दोन्ही सारखंच पाणी पिणार. वेळही बघ. कंटेनरचं घड्याळ बहुधा यूटीसीवर असतं, रात्री २ ला लावलेलं काम आपल्याकडे सकाळी ७:३०ला चालतं.

पण नुसती फाइल तयार झाली म्हणजे बॅकअप झाला असं मी धरत नाही. महिन्यातून एकदा ती दुसऱ्या मशीनवर उघडून बघ. आधी त्या प्रतीचं मेल पाठवणं बंद कर, नाहीतर सगळ्या ऑफिसला जुन्या सूचना पुन्हा जातील. मग चित्र असलेलं एक पान उघड. मजकूर दिसला आणि चित्राच्या जागी मोडकी चौकट आली, तर तू फक्त डेटाबेस वाचवलास. मराठी शब्द घालून शोधून बघ. एखादं पान पीडीएफमध्ये काढ. देवनागरी फॉन्ट अॅडमिनमधून चढवला नसेल तर अक्षरं येणार नाहीत, आणि आली तरी जोडाक्षरं नीट वाच.

हे सगळं कशासाठी? वॉर्ड कनिंगहॅम यांनी २५ मार्च १९९५ला पहिली विकी सुरू केली, तेव्हा नाव घेतलं होनोलुलूच्या विमानतळावरच्या ‘विकी विकी’ बसवरून. हवाई भाषेत विकी म्हणजे झटपट. तुझी विकी उघडायला दहा सेकंद लागली, दोनदा बंद सापडली, की माणसं परत व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर जातात आणि तिथे लिहिलेलं महिन्याभरात कुणाला सापडत नाही. तुझ्या टीममध्येही कुणीतरी काका असतील, नाहीतर मावशी. त्यांच्याशेजारी खुर्ची ओढून बस, त्यांना पहिलं पान लिहायला मदत कर. पानाच्या तळाशी, त्यांना कोणी शिकवलं तेही लिहून घे.

उद्या ऑफिसात गेल्यावर चहाच्या आधी तो डॉकर इन्स्पेक्ट चालव आणि ‘माउंट्स’चा स्क्रीनशॉट मला पाठव. मी वाट बघते आहे.

तुझी,
ताई