शेवटचा भाव कोणी सांगायचा?

‘आम्ही दोघे मिळून प्रदर्शनांत स्टॉल लावतो, पण प्रत्येक प्रदर्शनाहून भांडूनच घरी परततो, संसार टिकवायचा असेल तर हे काम बंद करावे का?’ हा प्रश्न मला अनेक जोडप्यांनी विचारला आहे. हिवाळ्यात पुण्याच्या भीमथडी जत्रेसारख्या मोठ्या जत्रांपासून सोसायट्यांच्या सभागृहांतील दोन दिवसांच्या लहान विक्रीपर्यंत सगळीकडे हंगाम भरात असतो, आणि तो ओसरला की अशी जोडपी समुपदेशनासाठी येऊ लागतात. त्यांपैकी एकाची हकिकत येथे सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

पत्नी गोधड्या शिवत. लग्नाआधीपासून हाताला असलेली ही कला त्यांनी चाळिशीनंतर पुन्हा हाती घेतली आणि बाळाची दुपटी, कुंच्या, सुती साड्यांच्या मोठ्या गोधड्या असा माल तयार होऊ लागला. पती एका कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी होते, त्यामुळे खोकी भरणे, टेम्पो ठरवणे, स्टॉल उभा करणे आणि गिऱ्हाइकांशी बोलणे ही कामे ओघानेच त्यांच्याकडे आली. ते माझ्याकडे आले तेव्हा आदल्याच आठवड्यात, एका प्रदर्शनाच्या तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, पतीने अठराशे रुपयांचे दुपटे पंधराशेला देऊन टाकले होते, आणि पत्नी काहीही न बोलता स्टॉल सोडून रिक्षाने घरी निघून गेल्या होत्या.

पहिल्या भेटीत मी चूक केली, हे मोकळेपणाने सांगायला हवे. हा संवादाचा अभाव आहे असे समजून मी त्यांना रोज रात्री पंधरा मिनिटे केवळ एकमेकांसाठी बसण्यास सांगितले. ते दोघे प्रामाणिकपणे बसले आणि पंधराही मिनिटे दोऱ्याच्या रिळांविषयी व पुढच्या बुकिंगविषयी बोलले. ज्यांच्या घराच्या बाहेरच्या खोलीतच माल रचलेला आहे, त्यांना निराळा निवांत वेळ काढण्याचा सल्ला फारसा उपयोगी पडत नाही.

दुसऱ्या भेटीत मी दोघांना त्या संध्याकाळविषयी स्वतंत्रपणे लिहायला सांगितले. पतीने स्टॉलचे भाडे, टेम्पोचे भाडे, तोपर्यंतची विक्री आणि भरून निघायची राहिलेली रक्कम लिहिली. पत्नीने एवढेच लिहिले, ‘त्या दुपट्याला बावीस तास लागले होते.’ दोन्ही कागद शेजारी ठेवल्यावर मला कळले की ते एकाच वस्तूविषयी बोलतच नव्हते.

मग आम्ही तिथेच हिशेब मांडला. कापड व दोरा यांचे साडेतीनशे, भाडे आणि वाहतूक यांचा वाटा साडेतीनशे; अठराशेतून हे वजा केले की अकराशे उरतात, म्हणजे बावीस तासांना तासाचे पन्नास रुपये. तीनशे रुपये सोडले की तोच दर छत्तीसवर येतो. कापडाचे आणि भाड्याचे पैसे आधीच गेलेले असतात; सवलत दिली की ती पूर्णपणे धावदोरा घालणाऱ्या हाताच्या मजुरीतून कापली जाते. पती बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिले. वर्षभर विक्रीची वही त्यांनीच लिहिली होती, पण तीत तासांचा रकानाच नव्हता.

इथेच थांबले असते तर पतीला दोषी ठरवून प्रकरण मिटल्यासारखे झाले असते. मात्र मी त्यांना विचारले की स्टॉलवर सर्वांत अवघड क्षण कोणता असतो, तेव्हा ते म्हणाले, “लोक हिचे कौतुक करतात, मग माझ्याकडे वळून विचारतात, ‘आणि तुम्ही काय करता?’ मी म्हणतो, हिला मदत करतो.” तीस वर्षे पाळीवर माणसे सांभाळलेल्या माणसाला हे वाक्य दिवसातून दहा वेळा म्हणावे लागत होते. भाव कमी-जास्त करणे ही त्या स्टॉलवर त्यांच्या अधिकारातली एकमेव गोष्ट उरली होती, आणि ‘शेवटचे किती?’ असे कोणी विचारले की ते तो अधिकार वापरत. पत्नीला हे ठाऊक नव्हते. त्यांना वाटे की आपल्या कामाला घरातच किंमत नाही.

कागदपत्रांनी यात भर घातली होती. व्यवसाय पतीच्या नावावर एकल मालकीचा होता आणि स्टॉलवरचा क्यूआर कोड त्यांच्या खात्याचा. हस्तशिल्प विकास आयुक्तालयाचे कारागीर ओळखपत्र मात्र व्यक्तीच्या नावाने मिळते, ते पत्नीच्या नावाने होते. म्हणजे कारागीर एक आणि मालक दुसरा, आणि हे दोघांनी कधी बसून ठरवलेले नव्हते. त्या दिवशी बँकेत जायला जो मोकळा होता त्याच्या नावे खाते उघडले गेले. माझ्या अनुभवात नवरा-बायकोच्या व्यवसायातील पुष्कळ वाद अशा न ठरवता ठरलेल्या गोष्टींत असतात. (पैसे लपवणे, धमकी किंवा मारहाण असेल तर मात्र हा हिशेबाचा प्रश्न राहत नाही, तेथे आधी सुरक्षिततेचा विचार करावा लागतो.)

पुढच्या दोन महिन्यांत त्यांनी काही गोष्टी बदलल्या. हाताने शिवलेल्या प्रत्येक वस्तूच्या चिठ्ठीवर किमतीखाली लागलेले तास लिहू लागले, आणि त्या वस्तूंचा भाव फक्त पत्नी सांगू लागल्या. मशीनवर शिवलेल्या पिशव्या पतीच्या अखत्यारीत आल्या. त्यांचे कापड, त्यांचा भाव आणि त्यांवरची सवलतही. विक्रीतून आधी खर्च, मग तासांप्रमाणे शिलाई पत्नीच्या खात्यात, आणि उरलेले निम्मे-निम्मे असे ठरले. भागीदारीचा करार करण्याविषयी ते अजून विचार करत आहेत. मी घाई केलेली नाही. आवराआवरीच्या रात्री हिशेब काढायचा नाही, हा नियम त्यांनी स्वतःच केला, कारण पाय सुजलेले आणि पोटात दिवसभर फक्त वडापाव असताना कोणताही आकडा अपमानासारखा वाटतो.

सगळे सुरळीत झाले असे नाही. मे महिन्यातील एका प्रदर्शनात भाडेही निघाले नाही, तेव्हा जुने शब्द पुन्हा निघाले. पण शेवटच्या भेटीत पती तक्रारीच्या सुरात सांगत होते की पहिल्या नातवासाठी दुपटे घ्यायला आलेल्या एका आजींना पत्नीने स्वतःहून दोनशे रुपये सोडले, आणि त्यांनी कानाशी जाऊन “तासाचे नऊ रुपये गेले” म्हटले, तर त्या म्हणाल्या, “माझे तास आहेत.”